पाठीशी उभे राहणाऱ्यांच्या पाठीशी

विहिरीत पडलेल्या मुलाला ज्याने उडी टाकून वर काढले, त्याचे नाव गावात दोन-दोन पिढ्या निघते. पण त्याच विहिरीला वेळेवर कठडा बांधून जे मूल कधी पडलेच नाही त्याला वाचविणाऱ्या गवंड्याचे नाव कोणाच्याही तोंडी येत नाही, कारण न घडलेल्या आपत्तीची नोंद कोणत्याच दप्तरात होत नसते. आणि कठडा किती उंच असावा, पोरे पाण्याकडे कोणत्या बाजूने धावतात, कोणता दगड पहिल्या पावसात निसटतो हे त्या गवंड्याला ज्याने सोबत राहून शिकविले, तो तर विस्मृतीच्याही पलीकडे असतो. कुटुंबांना संकटापूर्वीच आधार देण्याचे जे कार्य आज आपल्या राज्यात व जगात चालले आहे, त्याचीही रचना अशीच तीन थरांची आहे: पहिल्या थरात कुटुंब, दुसऱ्यात त्याच्या दारी जाणारी कार्यकर्ती, आणि तिसऱ्यात त्या कार्यकर्तीला शिकविणारी, तिच्या कामाची धुरा वाहणारी व्यक्ती. हा लेख त्या तिसऱ्या थराविषयी आहे. कारण तो थर कच्चा राहिला की वरचे दोन्ही थर हलू लागतात, अशी माझी धारणा आहे.

प्रतिबंध हा शब्द या क्षेत्रात आरोग्यशास्त्राकडून आला. त्याच्या तीन पायऱ्या मानतात. पहिली सर्व कुटुंबांसाठी असते: गरोदर बाईच्या घरी जाऊन चौकशी करणे, बाळ-बाळंतिणीची भेट घेणे, अंगणवाडीत मातांना एकत्र बसवून मुलांच्या खाण्या-खेळण्याविषयी बोलणे. दुसरी जेथे धोक्याची चिन्हे दिसू लागली आहेत अशा घरांसाठी: जेथे आईच अजून वयाने मूल आहे, जेथे बापाची मजुरी दारूच्या दुकानात संपते, जेथे आई-बाप ऊसतोडीला गेले आहेत आणि तीन नातवंडांचा भार थकलेल्या आजीवर पडला आहे. तिसरी पायरी जेथे इजा होऊन गेली तेथली. आता ती पुन्हा होऊ नये, वाढू नये, पुढच्या पिढीला लागू नये, एवढाच तेथे हेतू उरतो. जो जितका आधीच्या पायरीवर काम करील तितके त्याचे काम स्वस्त, परिणामकारक आणि अदृश्य. आणि अदृश्य असल्यामुळेच त्याच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याची कोणाला निकड वाटत नाही.

महाराष्ट्रात या तिन्ही पायऱ्यांवर रीतसर व्यवस्था उभ्या आहेत. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. २००५ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा कार्यकर्ती गावात आली. आई किंवा बाप गमावलेल्या, अथवा घर मोडकळीस आलेल्या मुलाला संस्थेत न पाठविता नात्यागोत्यातच वाढविता यावे म्हणून राज्य शासनाची बालसंगोपन योजना आहे, तिच्यातून मुलामागे दरमहा २,२५० रुपये देण्याचे शासनाने ठरविले. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला आणि त्याने संरक्षण अधिकारी हे नवे पद निर्माण केले. योजनांची वाण नाही. प्रश्न आहे तो या योजना दाराच्या आत नेणाऱ्या माणसांचा, आणि त्या माणसांना घडविणाऱ्या माणसांचा.

अंगणवाडीचेच उदाहरण घेऊ. साधारणपणे वीस-पंचवीस अंगणवाड्यांमागे एक मुख्यसेविका असते. काही सरळ भरतीने आलेल्या, काही सेविकांमधून बढती मिळालेल्या. आशांच्या बाबतीत सुमारे वीस जणींमागे एक गटप्रवर्तक असते. यांच्या वरती प्रकल्प अधिकारी, तालुका व जिल्ह्याचे अधिकारी, त्यांची परिपत्रके. खाली सेविका, मदतनीस आणि शेकडो घरे. वरून येणारा प्रत्येक हुकूम आणि खालून वर जाणारी प्रत्येक व्यथा या एकाच चिंचोळ्या वाटेने जाते. परंतु उत्तम सेविका ही आपोआप उत्तम मुख्यसेविका होईल, जी स्वतः मूल मांडीवर घेऊन आईशी बोलू शकते ती दुसऱ्या पंचवीस जणींनाही तसे बोलायला शिकवू शकेल, असे जे आपण गृहीत धरतो, ते तपासून पाहण्याचे कष्ट आपण क्वचितच घेतो. उत्तम गाणारा उत्तम गुरू असतोच असे नाही, हे आपल्याला संगीतात पटते. समाजकार्यात मात्र पटत नाही.

समजा, मासिक बैठकीचा दिवस आहे. एका सेविकेच्या गावात दीड वर्षाचे एक मूल तीन महिने वजनात वाढलेले नाही. मुख्यसेविका रजिस्टर उघडते व विचारते, "या महिन्याचं वजन का भरलं नाही?" सेविका म्हणते, "मॅडम, भरते आज." आणि संवाद संपतो. आता हाच प्रसंग निराळ्या तऱ्हेने घडलेला पाहा. मुख्यसेविका रजिस्टर बाजूला ठेवून म्हणते, "ताई, त्या घरी तुम्ही गेलात तेव्हा दार कोणी उघडलं?" मग हळूहळू उलगडा होतो, की दार सासूने उघडले, सून आतून बाहेर आलीच नाही, तिच्या दंडावर वळ होता, आणि सेविकेला तो दिसला असूनही काय बोलावे ते न सुचल्यामुळे ती खाऊचे पाकीट देऊन परत फिरली, त्या रात्री तिला झोप लागली नाही, आणि तेव्हापासून त्या घराकडे तिचे पाऊल वळले नाही, म्हणून वजनाचा रकाना रिकामा राहिला. पहिल्या बैठकीत रकाना भरला असता आणि मूल तसेच राहिले असते. दुसऱ्या बैठकीत रकाना का रिकामा आहे ते कळले. प्रश्न विचारण्याची ही रीत शिकविता येते, तिचा अभ्यास होऊ शकतो, आणि नेतृत्व करणाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा गाभा हाच असला पाहिजे.

सोबत राहून शिकविण्याची ही रीत आपल्या मातीला अपरिचित नाही. १९४५ साली बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि बालवाडीचे दार उघडे ठेवूनही गरिबांची मुले तेथे येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच उचलून त्या मुलांच्या वस्तीतील अंगणात नेली; अंगणवाडी हा शब्द तेथला. गुरे राखायला जाणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. याच कार्यात १९४५ पासून ताराबाईंच्या हाताखाली अनुताई वाघ उभ्या राहिल्या, आणि १९७३ साली ताराबाई निवर्तल्या तेव्हा कोसबाडचे कार्य खंडित झाले नाही, कारण ते पेलणारी व्यक्ती पाव शतकाहून अधिक काळ रोजच्या सहवासातून तयार झालेली होती. अनुताई स्वतः प्रशिक्षित शिक्षिका होत्या; परंतु मुलाला आंघोळ घालण्यापासून वस्तीतील माणसांचा विश्वास संपादन करण्यापर्यंतची जी विद्या त्यांनी पुढे इतर कार्यकर्त्यांना दिली, ती अंगणातच मिळते. ताराबाईंच्या कल्पनेतील अंगणवाडी शासनाने देशभर नेली, ही अभिमानाची गोष्ट होय; मात्र त्या कल्पनेबरोबर ताराबाई आणि अनुताई यांच्यातील सहवासाचे नाते पंचवीस अंगणवाड्यांच्या हिशेबात बसविता आले नाही, ही उणीव अजून भरून निघावयाची आहे.

शहरातील वारसाही तितकाच जुना आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा समाजकार्य पदव्युत्तर विद्यालयाची स्थापना झाली. तेच १९४४ पासून टाटा समाजविज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या कामगार वस्तीत काम करीत होते, आणि संस्थेचे पहिले वर्गही त्याच वस्तीतील केंद्रात भरले. स्थापनेच्या पुढच्याच वर्षी संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. या शिक्षणात आरंभापासून एक शिस्त पाळली गेली, ती क्षेत्रकार्याची. विद्यार्थ्याने आठवड्यातील काही दिवस प्रत्यक्ष कुटुंबांत जावे, तेथे काय घडले व आपण काय बोललो हे शब्दशः लिहून काढावे, आणि ते टिपण घेऊन पर्यवेक्षकासमोर एकट्याने बसावे. पर्यवेक्षकाने गुण देण्यापूर्वी विचारावे, की या ठिकाणी तू बोलणे का तोडलेस, या वाक्यानंतर तुला राग का आला. आपल्या स्वभावातील कोणता खिळा कोणत्या घरात अडकतो हे विद्यार्थ्याला अशा बैठकींतून कळते, व ते कळल्यावाचून कोणालाही दुसऱ्याच्या घरात हात घालण्याचा अधिकार पोहोचत नाही. समाजकार्याच्या पदवीधरांना मिळणारी ही सोय पदवीवाचून त्याहून कठीण काम करणाऱ्या सेविकेच्या वाट्याला मात्र क्वचितच येते.

परदेशातील एका प्रयोगाचा वृत्तान्त येथे उपयोगी पडेल. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा या गावी डेव्हिड ओल्ड्स या संशोधकाने १९७० च्या दशकाच्या अखेरीस ४०० गर्भवती स्त्रियांना घेऊन एक अभ्यास आरंभिला. पहिलटकरीण, गरीब, अल्पवयीन, अविवाहित अशांचे त्यांत मोठे प्रमाण होते. काहींच्या घरी प्रशिक्षित परिचारिका गरोदरपणात सरासरी नऊ वेळा आणि बाळ दोन वर्षांचे होईपर्यंत आणखी तेवीस वेळा गेल्या. पंधरा वर्षांनी पाहता या परिचारिका ज्या घरांत जात होत्या तेथे बालकांच्या छळाच्या व हेळसांडीच्या नोंदी इतर घरांच्या तुलनेने सुमारे निम्म्या होत्या. हा कार्यक्रम पुढे विस्तारला तेव्हा त्याच्या चालकांनी एक नियम कटाक्षाने सांभाळला: एका पर्यवेक्षिकेकडे आठांहून अधिक परिचारिका असू नयेत, तिने प्रत्येकीला दर आठवड्याला एक तास एकांतात द्यावा, आणि अधूनमधून तिच्यासोबत घरी जाऊन नुसते पाहावे. त्या तासाला ते चिंतनशील पर्यवेक्षण म्हणतात. त्यात कामाचा हिशेब नसतोच असे नाही. पण परिचारिकेच्या मनावर त्या आठवड्यात काय साचले, हे आधी विचारले जाते.

याच कार्यक्रमाच्या आणखी एका प्रयोगाने एक कठोर सत्यही सांगितले. डेन्व्हर शहरात १९९४ पासून काही घरी परिचारिका तर काही घरी त्याच सामाजिक थरातील, शालेय शिक्षण झालेल्या साध्या कार्यकर्त्या पाठविण्यात आल्या. तेव्हा साध्या कार्यकर्त्यांच्या भेटींचा परिणाम परिचारिकांच्या मानाने पुष्कळच कमी दिसला. जिव्हाळा पुरेसा असतो, आपली माणसे आपल्या माणसांना आपोआप समजून घेतात, असे मानणाऱ्यांनी याचा विचार केला पाहिजे. आईच्या मनात जे प्रश्न असतात, बाळाचा ताप, ओटीपोटातील दुखणे, दुधाची चिंता, त्यांना खात्रीचे उत्तर देणाऱ्या व्यक्तीवर ती आधी विश्वास टाकते, आणि मग घरातील दुःख उघड करते. प्रेमाला विद्येची जोड हवीच.

पण ती विद्या पदवीतूनच यावी लागते काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राने जगाला दिले आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातील जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावांनी निवडून दिलेल्या स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडविले. त्यांतील कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी त्या जातींतील होत्या ज्यांच्या हातचे पाणी पिण्यास गाव तयार नव्हते. त्यांचे शिक्षण एकदाच शिबिर घेऊन आटोपले नाही. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षे त्या जामखेडला एकत्र येत, गावात काय घडले ते सांगत, चुकले तेथे सुधारीत, पुढचे थोडे शिकत, आणि परत जात. औषधांच्या आधी त्यांना आपण माणूस म्हणून काही करू शकतो हा विश्वास शिकविला गेला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला; परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, की कालांतराने याच स्त्रिया दूरदूरच्या देशांतून जामखेडला शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना व कार्यकर्त्यांना शिकवू लागल्या.

गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने नवजात बालकांच्या बाबतीत तेच दाखवून दिले. ३९ गावांत आरोग्यदूत स्त्रियांनी घरोघरी जाऊन बाळाची काळजी घेतली, श्वास अडलेल्या बाळाला श्वास दिला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शनही दिले. आणि १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांशी ताडून पाहता, तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. या आकड्यामागे आरोग्यदूतांचे धैर्य आहे तसेच नियमितपणे गावी जाऊन त्यांच्या नोंदी व त्यांचे हात तपासणाऱ्या डॉक्टरांची पायपीटही आहे. २०११ पासून हीच पद्धत देशभरातील आशांकडे सोपविण्यात आली: दवाखान्यात जन्मलेल्या बाळाला तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. दिवस नेमून देता येतात. भेटीत काय घडावे हे मात्र आशा कार्यकर्तीला कोणी तरी गावात येऊन, तिच्या शेजारी बसून दाखवावे लागते. डेन्व्हर आणि जामखेड यांचा धडा एकत्र वाचला तर तो असा: दारी जाणाऱ्या व्यक्तीपाशी ज्ञान हवे, आणि ते पदवीतून आले नसेल तर मार्गदर्शकाने वर्षानुवर्षे हात न सोडता द्यावे लागते. तिसरी वाट नाही.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे, कारण तीत गफलत झाली तर सारे प्रशिक्षण अनर्थाला कारण होईल. कुटुंबाला आधार देणे म्हणजे कुटुंब कोणत्याही किमतीवर एकत्र ठेवणे नव्हे. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात १९८४ साली टाटा संस्थेच्या पुढाकाराने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष उघडण्यात आला आणि पोलिसांच्या छपराखाली प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसू लागल्या. हे प्रारूप पुढे राज्याच्या अनेक जिल्ह्यांत गेले. मार खाऊन आलेल्या स्त्रीला, जुळवून घे, संसार आहे, असा उपदेश करून घरी पाठविण्याला आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या समेट म्हणत आला. या कक्षातील कामाने शिकविले, की प्रथम तिची सुरक्षितता पाहावी, तिचे म्हणणे खरे मानून ऐकावे, मग तिला काय हवे ते विचारावे, आणि संयुक्त बैठक घ्यावयाची ती हिंसा थांबविण्यासाठी, ती झाकण्यासाठी नव्हे. मुलांच्या बाबतीत तर कायद्याने विकल्पच ठेवलेला नाही: २०१२ च्या कायद्यानुसार बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली असता ती पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. जी पर्यवेक्षिका आपल्या कार्यकर्तीला घराची अब्रू आणि घरातील माणसाचा जीव यांतील भेद स्पष्ट करून सांगत नाही, तिच्या हाताखाली प्रतिबंधाच्या नावाने अन्यायच पोसला जाण्याचा धोका राहतो.

मग या नेतृत्वाच्या शिक्षणक्रमात काय असावे? बालकाच्या वाढीचे शास्त्र असावे, आणि घरखर्चाचे अर्थशास्त्रही. कारण ज्या घरात संध्याकाळच्या भाकरीची भ्रांत आहे तेथे लाडाने वागण्याचा उपदेश घेऊन जाणारी कार्यकर्ती पुन्हा त्या दारी जाण्यास पात्र राहत नाही, तिला बालसंगोपनाचा अर्ज कोठे द्यावा हे आधी ठाऊक पाहिजे. कायदा असावा, आणि कोणत्या क्षणी प्रकरण आपल्या हातून पुढे सोपवावे याचा विवेक असावा. प्रौढांना शिकविण्याची कला असावी. चाळीस वर्षांच्या, दोन लेकरे वाढविलेल्या सेविकेला विद्यार्थिनी समजून फळ्यासमोर बसविण्याने ती काही शिकत नाही, तिच्याच अनुभवाला प्रश्न विचारल्याने शिकते. आकडेवारीचा योग्य उपयोग असावा: रकाना हा तपासणीचा पुरावा होण्याआधी घराची खूण असतो, ही दृष्टी असावी. आणि सर्वांत शेवटी, पण कदाचित सर्वांत आधी, दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याच्या मनावर जो आघात साचत जातो त्याची जाण असावी. असा आघात साचला की कार्यकर्ती एक तर कठोर होते, नाही तर काम सोडते, नाही तर ज्या घरात दुःख आहे ते घर नकळत टाळू लागते; आणि टाळले जाणारे घर बहुधा तेच असते ज्याच्यासाठी ही सारी योजना आखली गेली.

यांपैकी बरेचसे दहा दिवसांच्या वर्गात सांगता येईल, पण शिकविता येणार नाही. पोहणे काठावर बसून सांगतात, पाण्यात शिकवितात. म्हणून प्रशिक्षणाचा काळ वर्ग संपल्यावर सुरू होतो असे मानले पाहिजे: मुख्यसेविकेसोबत कोणी अनुभवी व्यक्ती पहिले वर्षभर तिच्या कार्यक्षेत्रात फिरावी, तिच्या बैठकी पाहाव्यात, नंतर तिच्याशी बोलावे, आणि मुख्यसेविकेलाही आपले मन मोकळे करण्यास एक जागा असावी, जेथे तिच्यावर तपासणी नाही. ज्याचे कधी कोणी ऐकून घेतले नाही, त्याच्याकडून दुसऱ्याचे ऐकून घेण्याची अपेक्षा करणे निष्ठुरपणाचे आहे.

यासाठी पैसा लागेल, पदे लागतील, एका पर्यवेक्षिकेकडील अंगणवाड्यांची संख्या घटवावी लागेल. हे निर्णय मंत्रालयात व्हायचे आहेत आणि त्यांसाठी नागरिकांनी आग्रह धरला पाहिजे. परंतु एक सुधारणा अशी आहे की तिला शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक तालुक्यातील मासिक बैठकीत पहिला एक तास सर्व रजिस्टरे बंद ठेवावीत, फोन पिशवीत ठेवावेत, गोल बसावे, आणि मुख्यसेविकेने विचारावे: गेल्या महिन्यात कोणत्या घराच्या दारातून परत फिरावेसे वाटले? पहिल्या बैठकीत कदाचित कोणी बोलणार नाही. दुसऱ्या बैठकीत मुख्यसेविकेने स्वतःचे एक दार सांगावे. तिसऱ्या बैठकीत दंडावरचा तो वळ पाहिलेली सेविका बोलेल.